पाऊण इंच

काटकोन मिस्त्रीला स्वतःचा अभिमान होता, आणि तो काही झाकून ठेवण्याइतका थोडाथोडका नव्हता. रस्त्यात कोणी नुसतं "काय मिस्त्री, बरं आहे ना?" म्हटलं, की हा गडी तिथेच पाय रोवून चाळीस वर्षांत आपण किती जिने केले, कुठे केले आणि ते अजून कसे कुरकुरत नाहीत हे सांगायला लागायचा. विचारणाऱ्याला झक मारली आणि विचारलं असं व्हायचं.

काटकोन हे अर्थात आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एकदा शेजारी कोणी गेलं म्हणून हा समाचाराला गेला होता. भिंतीवरची तसबीर तिरकी लागलेली दिसली. झालं! रडणाऱ्या माणसांमधून वाट काढत हा पुढे गेला, तसबीर सरळ केली, दोन पावलं मागे येऊन एक डोळा मिटून पाहिली आणि मग परत आपल्या जागी बसून डोळे पुसायला लागला. तेव्हापासून लोक त्याला काटकोन म्हणायला लागले. त्याला राग यायचा नाही. उलट आवडायचं.

तो फक्त जिने करायचा. लाकडी जिने. दारं-खिडक्यांकडे तो ढुंकून बघायचा नाही. "दार चुकलं तर दार अडकतं," असं म्हणायचा, "जिना चुकला तर माणूस पडतं."

त्याच्या कारखान्याचा एक रिवाज होता. जिना तयार झाला, की मालकाच्या ताब्यात देण्याआधी कारखान्यातल्या सगळ्यात वडील सुतारानं डोळे मिटून, कठड्याला हात न लावता तो चढून दाखवायचा. यात बढाईचा भाग होताच, पण त्यामागे कारणही होतं. माणूस जिना चढतो तेव्हा डोळ्यांनी फक्त पहिली पायरी बघतो. दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंची पाठ होते आणि पुढे पाय कोणाला विचारत बसत नाही, आपला आपण उचलला जातो. एखादी पायरी बोटभर वर-खाली असली तर डोळ्यांना कळत नाही. मिटल्या डोळ्यांच्या पायाला मात्र बरोबर कळतं. चाळीस वर्षांत काटकोन मिस्त्री एकदाही अडखळला नव्हता.

आता त्याच्या अभिमानाचा दुसरा विषय सांगायला हवा, तो म्हणजे सूनबाई. मिस्त्रीच्या मुलाला लाकडाचा कधी लळा लागलाच नाही. तो लांब पल्ल्याची बस चालवायचा आणि महिन्यातले वीस दिवस घराबाहेर असायचा. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको सासऱ्याला चहा द्यायला म्हणून कारखान्यात यायची आणि कप रिकामा झाला तरी जायची नाही. एक दिवस म्हणाली, "बाबा, ही फळी उलटी लावताय का? लाकडाच्या रेषा खालच्या बाजूला वाकतायत." मिस्त्रीनं पाहिलं, तर खरंच! त्याच दिवशी त्यानं तिच्या हातात रंधा दिला.

मग काय विचारता! न्हाव्याकडे दाढीला बसला तरी हा सुनेचं कौतुक करायचा, आणि इतकं हलत-डुलत करायचा की न्हावी वस्तरा बाजूला ठेवून म्हणायचा, "मिस्त्री, आधी बोलून घ्या, मग मी हात लावतो." पण या कौतुकाचं शेपूट नेहमी एकच असायचं: "माझ्या हाताखाली शिकलीय म्हटलं!"

शाळेच्या नव्या इमारतीचा जिना हे सूनबाईनं एकटीनं अंगावर घेतलेलं पहिलं काम. मिस्त्रीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, त्यामुळे त्याला दोन महिने तरी घरी बसावं लागणार होतं. लाकूड निवडण्यापासून कठडा घासण्यापर्यंत सगळं तिनं करायचं ठरलं. "माप मात्र मीच घेणार," मिस्त्री म्हणाला. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तो टेप घेऊन गेला आणि तासाभरात परत आला.

"साडेदहा फूट," जेवताना त्यानं सांगितलं. "अठरा पावलं, प्रत्येक सात इंच उंच. लिहून घे."

सूनबाईनं लिहून घेतलं. मग जरा चाचरत म्हणाली, "बाबा, वरची जमीन पक्की झालीय ना? मी पण एकदा जाऊन माप बघून येऊ का?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. "माझ्या मापावर माप?" तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली मला टेप धरून. तू जन्मली नव्हतीस तेव्हा मी जिने करत होतो." आणि ताटावरून उठला. पुढचे दोन दिवस तो सुनेशी "हं" आणि "नको" यापलीकडे बोलला नाही. ऑपरेशन तोंडावर आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, म्हणून तिनंही विषय सोडून दिला. खरं तर गोष्ट इथेच बिघडली. पण आदर म्हणून केलेली गोष्ट बिघडलीय हे लवकर लक्षात येत नाही.

दोन महिन्यांनी, शुक्रवारी दुपारी, मिस्त्री काठी टेकत शाळेत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीचं उद्घाटन होतं. खाली मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होत्या. इमारतीचा ठेकेदार खिडकीच्या काचांवरचे रंगाचे डाग खरवडून घेत होता. आणि समोर जिना उभा होता.

मिस्त्री दारातच थांबला. खोटं कशाला बोला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. करवतीसारखे दाते पाडलेल्या दोन जाड तुळया, त्यांच्यावर सतरा फळ्या, प्रत्येक फळीची कड तळहातानं घासून गोल केलेली. अठरावं पाऊल थेट वरच्या मजल्याच्या जमिनीवर. कुठे सांधा दिसेल तर शपथ! त्यानं कठड्यावरून हात फिरवला आणि मोठ्या बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघितलंत? माझ्या हाताखाली शिकलीय."

"तुम्हीच चढा, बाबा," सूनबाई म्हणाली. "सगळ्यात वडील तुम्हीच."

"अहो, गुडघा अजून कच्चा असेल," मोठ्या बाई म्हणाल्या. पण काटकोन मिस्त्री कधी कोणाचं ऐकतोय! त्यानं काठी सुनेच्या हातात दिली, डोळे मिटले आणि चढायला लागला. सावकाश, पण ताठ. पाच. दहा. पंधरा. त्याची छाती फुगत चालली होती. सतरा. अठराव्याला त्याच्या बुटाचं टोक कशाला तरी थाडकन लागलं, तो पुढे झुकला आणि कठड्याचा खांब हाताला लागला म्हणून वाचला.

"बघा! म्हटलं नव्हतं मी, गुडघा कच्चा आहे म्हणून?" खालून मोठ्या बाई ओरडल्या.

मिस्त्रीनं डोळे उघडले. समोर वरच्या मजल्याची जमीन चकचकत होती. नव्या लाकडी फळ्यांची. कालच बसवलेल्या. पाऊण इंच जाडीच्या.

आणि एका क्षणात त्याला सगळं आठवलं. दोन महिन्यांपूर्वी तो माप घ्यायला आला तेव्हा इथे नुसतं सिमेंट होतं. या फळ्यांची थप्पी त्या कोपऱ्यात रचून ठेवलेली होती. गुडघा ठणकत होता म्हणून तो त्याच थप्पीवर टेकला होता, तिथे बसून निवांत चहा प्यायला होता आणि तिथेच बसून त्यानं वहीत लिहिलं होतं, साडेदहा फूट. ज्या फळ्या मापात धरायच्या, त्यांच्यावरच बसून! नवशिक्यानंही जीभ चावावी अशी चूक होती ती.

"गुडघाच ना, मिस्त्री?" ठेकेदारानं विचारलं.

बोलायला एक क्षण पुरेसा होता. पण त्या क्षणात मिस्त्रीच्या डोळ्यांपुढून चाळीस वर्षं गेली. काटकोनचा जिना डोळे मिटून चढावा, असं लोक म्हणायचे. त्याला ते शब्द स्वतःच्या नावापेक्षा जास्त आवडायचे.

"हो," तो म्हणाला. "गुडघाच."

सूनबाई खालून त्याच्याकडे टक लावून बघत होती. "बाबा," तिनं विचारलं, "कोणता पाय लागला?"

"डावा," मिस्त्री बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं झालं होतं.

तिनं काठी भिंतीला टेकवून ठेवली, डोळे मिटले आणि चढायला लागली. अठराव्या पावलाला तिच्याही पायाचं बोट तिथेच आपटलं. तिनं खिशातला टेप काढला, गुडघ्यावर बसली आणि माप घेतलं. मग सतराव्या पायरीचं घेतलं, मग सोळाव्या. सात. सात. आणि सगळ्यात वरचं पावणेआठ.

तिनं मान वर केली. सासऱ्याकडे पाहिलं. मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.

ती उठून खाली गेली आणि मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. "बाई, जिना उद्या उघडता येणार नाही. शेवटची पायरी पाऊण इंच जास्त उंच झालीय. वरच्या फळ्यांची जाडी मापात धरायची राहिली. चूक माझी आहे. मला शनिवार-रविवार द्या."

"अगं, पाऊण इंचानं काय होतंय?"

"सतरा वेळा सात इंच उचललेला पाय अठराव्यांदा पावणेआठ उचलत नाही, बाई. तुमची ऐंशी मुलं आहेत, आणि ती चालत थोडीच येणार आहेत? धावत येणार. रोज कोणी ना कोणी तोंडावर पडेल."

ठेकेदार पुढे आला. "एवढंच ना? मी उद्यापुरता वर जाड गालिचा टाकतो, उतार करून देतो. कोणाला पत्ता लागणार नाही. पुढचं पुढे बघू."

"नको," सूनबाई म्हणाली. "पुढचं पुढे कोणी बघत नाही."

ठेकेदाराला ते झोंबलं. "मी आधीच म्हणत होतो," तो मोठ्या बाईंना म्हणाला, "जिन्यासारखं काम बाईमाणसाच्या हाती कशाला द्यायचं?"

सूनबाईची मान लाल झाली. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मुलांचं गाणं वरच्या सभागृहात ठरलं होतं. "वसतिगृहाचा जिनाही तुम्हालाच द्यायचं माझ्या मनात होतं," त्या म्हणाल्या. "आता समितीला काय सांगू मी?" मग त्या वर बघून म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही स्वतः असतात तर हे झालं नसतं."

आणि काटकोन मिस्त्रीनं काय करावं? त्यानं मान हलवली. हो म्हणून! अहो, लाज वाटते सांगायला, पण हलवली खरी.

घरी येताना सूनबाईनं नेहमीसारखा त्याचा कोपर धरला होता. त्याला वाटत होतं, हिनं ओरडावं, भांडावं, निदान रडावं तरी. पण ती रस्ता ओलांडताना फक्त म्हणाली, "बाबा, पुढे खड्डा आहे." त्याला घरी सोडून ती सरळ कारखान्यात गेली.

मिस्त्रीच्या बायकोनं चेहऱ्यावरूनच ओळखलं, की काहीतरी शिजलंय. तिनं विचारलं. तो ताटावर बसून टाळाटाळ करायला लागला. चाळीस वर्षं याच्यासोबत संसार केलेली बाई ती. तिनं दहा मिनिटांत सगळं काढून घेतलं. मग पदराला हात पुसून त्याच्या समोर बसली.

"म्हणजे तुम्ही तिथे तोंडात मिठाची गुळणी धरून उभे होतात?"

"अगं, तीच म्हणाली ना, चूक माझी म्हणून. मी काय करणार?"

"तुम्हाला तोंड नव्हतं? इतर वेळी तर रस्त्यावरच्या माणसाला धरून धरून सांगता." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मिस्त्रीला जास्त भीती वाटली. "माप चुकलं त्याची मला काही लाज वाटत नाही. माणसाचं चुकतं. पण ती पोर तुमच्या वाट्याची बोलणी खातेय आणि तुम्ही इथे तिनं सकाळी करून ठेवलेलं जेवताय, याची मला लाज वाटते. तुम्हाला वाटत नसेल तर तसं सांगा."

मिस्त्रीनं ताट बाजूला सारलं. आयुष्यात दुसऱ्यांदा तो ताटावरून उठला, पण या वेळी रागानं नाही. काठी घेतली आणि कारखान्याची वाट धरली.

कारखान्यात सूनबाई कामाला लागली होती. तिनं उपाय शोधलासुद्धा होता. वरची पायरी कमी करता येत नव्हती, म्हणून तो जास्तीचा पाऊण इंच ती अठराही पावलांत सारखी वाटून टाकणार होती. फळ्या तुळयांवर स्क्रूनं बसवलेल्या होत्या आणि कठडा तुळयांना धरून होता, त्यामुळे त्याला हात लावायची गरज नव्हती. प्रत्येक फळी उचलायची, खाली लाकडाची पातळ पट्टी घालायची आणि पुन्हा घट्ट करायची. पहिल्या फळीखाली कागदाच्या पुठ्ठ्याएवढी पट्टी, दुसऱ्या फळीखाली तिच्या दुप्पट, असं वाढत वाढत सतराव्या फळीखाली जवळजवळ पाऊण इंच. म्हणजे प्रत्येक पाऊल केसभर वाढणार आणि सगळी पावलं एकसारखी होणार. मिस्त्री दारात उभा राहून ते बघत राहिला. त्याला स्वतःला हे सुचायला रात्र गेली असती.

"का म्हणालीस तू तसं?" त्यानं विचारलं.

तिनं रंधा थांबवला नाही. "चाळीस वर्षांत एकदा चुकलं, बाबा. ते गावाला कळायची काय गरज आहे? माझं काय, मी नवी आहे. नव्या माणसाला लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. तुमचं नाव मोठं आहे."

"आणि वसतिगृहाचं काम गेलं तर?"

"गेलं तर गेलं. दुसरं येईल."

ते काम तिला किती हवं होतं हे मिस्त्रीला ठाऊक होतं. गेले कित्येक दिवस ती जेवताना बोटानं टेबलावर वसतिगृहाच्या वळणदार जिन्याच्या रेघा काढत होती.

"उद्या मी खरं सांगणार," तो म्हणाला.

"अजिबात सांगू नका. माझी शपथ आहे."

मिस्त्री काही बोलला नाही. तिनं ते होकारार्थी घेतलं.

शनिवारी उद्घाटन इमारतीच्या अंगणात झालं. मुलं ओळीत बसली होती, मागे आईबाप, पुढे समितीची मंडळी, कडेला ठेकेदार आणि त्याचे गवंडी. सूनबाई आत जिन्यावर काम करत होती. दर थोड्या वेळानं हातोडीचा आवाज बाहेर यायचा आणि समितीतला एक जाडा गृहस्थ कपाळाला आठ्या घालायचा. मोठ्या बाई भाषणात म्हणाल्या, "सुतारकामात थोडी चूक राहिल्यामुळे वरचा मजला सोमवारी सुरू होईल. त्याबद्दल आपण सगळ्यांनी..."

"थांबा, बाई."

मागच्या रांगेत काटकोन मिस्त्री उभा राहिला होता. काठीवर भार देऊन, पण ताठ.

"चूक सुताराची नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. माप मी घेतलं होतं. वर फळ्या येणार होत्या, आणि त्या फळ्यांवर बसूनच मी चहा प्यायलो, आणि त्याच मापात धरायला विसरलो." कोणीतरी फिस्सकन हसलं. "हसा, हसा. मलाही दुसऱ्यानं केलं असतं तर हसू आलं असतं. माझी सून म्हणाली होती, मी पण एकदा माप बघून येते. मी तिला झिडकारलं. दोन दिवस अबोला धरला. काल तिनं चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मोठ्या बाई म्हणाल्या, मिस्त्री, तुम्ही असतात तर हे झालं नसतं. मी मान हलवली. ती मान हलवली ना, ती माझी मोठी चूक. पाऊण इंचाची चूक दुरुस्त होतेय आत. ही मी इथे करतोय."

आतली हातोडी थांबली होती. सूनबाई दारात येऊन उभी राहिली, केसांत भुसा, हातात स्क्रूड्रायव्हर.

"बाबा, मी शपथ घातली होती!"

"मी कुठे हो म्हटलं होतं?"

"आणि चूक तुमची नाहीच," ती सगळ्यांसमोर म्हणाली. आता तिलाही चेव आला होता. "माप तुमचं असेल. पण करवत मी चालवली. दुसऱ्याचं माप न तपासता करवत चालवायची नाही, हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच ना? तुम्ही रागावाल म्हणून मी गेले नाही. तुमच्या रागाला घाबरून मी ऐंशी पोरांचे पाय धोक्यात घातले. चूक माझीच."

"माझी!"

"माझी म्हणते ना!"

"अगं, तुझ्या आधी माझा हात लागला त्या कामाला!"

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी जोरात हसली, आणि मग सगळी पोरं हसायला लागली, त्यांच्यामागे आईबाप, आणि शेवटी तो आठ्यावाला जाडा गृहस्थसुद्धा. मिस्त्रीनं आयुष्यात पुष्कळ भांडणं पाहिली होती. चूक कोणाची नाही यावर माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. चूक आपलीच आहे म्हणून कोणी भांडताना त्यानं पाहिलं नव्हतं, आणि आज तो स्वतः भर सभेत सुनेशी तेच भांडत होता. त्याला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते पुसायचंही त्याला सुचेना.

मोठ्या बाईंनी हसू दाबत माईक जवळ घेतला. "तुमचं भांडण मिटलं, की वसतिगृहाच्या जिन्याचं माप घ्यायला या," त्या म्हणाल्या. "आणि दोघंही या."

रविवारी संध्याकाळी शेवटची फळी बसली. सूनबाई वरच्या पायरीवर बसली होती, मिस्त्री खाली. तिनं वरून एकेक माप सांगितलं. सात आणि केसभर. सात आणि केसभर. अठराही वेळा तेच.

"बरोबरच असणार," मिस्त्री म्हणाला. त्याला तिच्यावरचा विश्वास दाखवायचा होता.

"असणार नको, बाबा. या आणि बघा."

तो उठला. एकेक पायरी चढत, प्रत्येक पायरीवर वाकून, गुडघ्याला शिव्या घालत, टेप लावून त्यानं बघितलं. तासभर लागला. एकाही ठिकाणी फरक नव्हता. वर पोचल्यावर तो तिच्या शेजारी धापा टाकत बसला, आणि जे त्यानं न्हाव्याला, दुकानदाराला, रस्त्यावरच्या माणसाला शंभरदा सांगितलं होतं, पण तिला तोंडावर कधीच सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. "पोरी, तू माझ्यापेक्षा चांगली सुतार आहेस. मला तुझा फार अभिमान वाटतो." शेपूट नाही की काही नाही. सूनबाई टेप गुंडाळत बसली, आणि तो दोनदा तिच्या हातातून निसटला.

सोमवारी शाळा भरली आणि ऐंशी मुलं धडधडत वर गेली. एकही अडखळलं नाही. मिस्त्री खाली उभा राहून ऐकत होता, तेवढ्यात ठेकेदार खाकरत त्याच्याजवळ आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण जीभ वळत नव्हती.

"मिस्त्री," शेवटी तो म्हणाला, "माझ्या घरी आई आहे, थकलीय आता. आमचा जिना जुना झालाय. नवा करायचा म्हणतो. तुम्ही येऊन माप घेऊन जाल का? तुमच्या मापावर माझा डोळे मिटून विश्वास आहे."

काटकोन मिस्त्री ताठ झाला. छाती फुगली. चाळीस वर्षांत फुगली नव्हती एवढी फुगली.

"मी जिने करत नाही आता," तो म्हणाला. "माझ्या सुनेला विचारा. आणि डोळे मिटून विश्वास वगैरे तिच्यापुढे बोलू नका, ती ऐकून घेणार नाही. ती एकट्याच्या मापावर करवत चालवत नाही. अगदी माझ्यासुद्धा!"